फिरोजशहा मेहता

सर फिरोजशहा मेरवानजी मेहता (४ ऑगस्ट, इ.स. १८४५ – ५ नोव्हेंबर, इ.स. १९१५) हे मुंबईचे बॅरिस्टर, मुंबई महापालिकेचे अनेक दशकांचे सभासद व चार वेळा अध्यक्ष, मुंबई इलाख्याच्या व पुढे मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद आणि भारतीय राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) सहाव्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याला जे रूप आले, त्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. सरकारने आणलेल्या विधेयकावर एखाद्या शहराने स्वतःचे मत बनवावे, ते ठरावाने सरकारपुढे मांडावे आणि त्याच मतासाठी कायदेमंडळात झुंज द्यावी, ही रीत पश्चिम हिंदुस्थानात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. मुंबईचा सिंह आणि मुंबईचा अनभिषिक्त राजा या बिरुदांनी ते ओळखले जात.

जन्म आणि शिक्षण

फिरोजशहांचा जन्म मुंबईतील एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील मेरवानजी हे कामा आणि कंपनी या व्यापारी पेढीशी संबंधित होते. फिरोजशहांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये पदवी घेतली व पुढे एम. ए. केले. मुंबई विद्यापीठाचे एम. ए. होणारे ते पहिले पारशी होत. कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची त्यांच्यावर विशेष मर्जी होती. विलायतेत कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई यांनी ठेवलेल्या शिष्यवृत्तीसाठी ग्रँट यांनीच त्यांचे नाव पुढे केले.

१८६४ च्या अखेरीस ते इंग्लंडला गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरच्या सट्ट्यावर उभा राहिलेला मुंबईचा डोलारा ढासळला. त्या पडझडीत शिष्यवृत्ती देणाऱ्या दात्याचीच संपत्ती बुडाली. तरीही मेहतांनी लिंकन्स इनमधील अभ्यास पुरा केला आणि १८६८ मध्ये ते बॅरिस्टर झाले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी, उमेशचंद्र बॅनर्जी व बद्रुद्दीन तय्यबजी यांचा सहवास त्यांना लाभला. ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी मुंबई इलाख्यातील शिक्षणाविषयी निबंधही वाचला.

मुंबईस परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली. त्यांची खरी प्राप्ती उच्च न्यायालयापेक्षा गुजरात-काठेवाडातील मुफसल कामांतून होई. १८७८ मध्ये परवाना-करावरून सुरतेत दंगल झाली. त्या खटल्यात त्यांनी आरोपींची बाजू मांडली आणि वकील म्हणून त्यांचे नाव दूरवर गेले.

मुंबईच्या कारभाराचा प्रश्न

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार जस्टिस ऑफ दि पीस या सरकारनियुक्त मंडळींच्या नावे सोपवला होता. प्रत्यक्ष सत्ता मात्र सरकारने नेमलेल्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होती. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे गृहस्थ. त्यांनी रस्ते, गटारे, बाजार यांची कामे झपाट्याने केली. पण खर्चाला धरबंध राहिला नाही, आणि १८७१ मध्ये करदात्यांचा संताप उफाळून आला. कमिशनरचे पद काढून टाकावे व नगर-मंडळाने स्वतः कारभार हाकावा, ही मागणी लोकप्रिय झाली. नौरोजी फर्दुनजींसारखे जुने जाणते पुढारी या चळवळीत होते.

२९ नोव्हेंबर १८७१ रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात मेहतांनी अगदी उलटी भूमिका घेतली. दोष कमिशनरच्या पदाचा नसून त्याच्यावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा आहे, कारण ते मंडळ लोकांना जबाबदारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कारभारासाठी एकच जबाबदार अधिकारी असावा. मात्र पैसा, धोरण आणि हिशोब यांवर करदात्यांनी निवडलेल्या मंडळाचा ताबा असावा. समितीने राज्य करायचे म्हटले तर चूक कोणाची हे कधीच ठरत नाही. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही आणि सभेत त्यांना बराच विरोध झाला. सव्वीस वर्षांच्या, नुकत्याच परतलेल्या बॅरिस्टराने जनमताच्या भर प्रवाहात उलटे उभे राहावे, हे लहानसहान धाडस नव्हते. पुढील चाळीस वर्षे त्यांचे सारे नागरी राजकारण याच निबंधाच्या पायावर उभे राहिले.

१८७२ च्या कायद्याने मेहतांच्या सूचनांचा बराचसा भाग उचलला. चौसष्ट सभासदांचे कॉर्पोरेशन झाले. त्यांतील ३२ करदात्यांनी व १६ जस्टिसांनी निवडायचे होते आणि १६ सरकारने नेमायचे होते. रोजच्या पैशाअडक्यावर नजर ठेवण्यास बारा जणांचे नगर-मंडळ होते, पण त्याचा अध्यक्ष सरकार नेमी. १८७३ च्या पहिल्या निवडणुकीपासून मेहता कॉर्पोरेशनचे सभासद झाले. काही संक्षिप्त चरित्रांत ते त्या वर्षी म्युनिसिपल कमिशनर झाले असे छापले जाते, ते बरोबर नाही. कमिशनर हा सरकारी नोकर असे, आणि मेहतांनी सरकारी नोकरी कधी केली नाही.

१८८८ चा कायदा

व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने मे १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला. त्या ठरावानुसार मुंबईचा कायदा सुधारण्याचा प्रश्न निघाला आणि कॉर्पोरेशनने आपल्या सूचना तयार करण्यास आरंभ केला. या काळात, १८८४ व १८८५ मध्ये, मेहता कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते. बोरीबंदरासमोरील पालिकेच्या इमारतीची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये रिपन यांच्या हस्ते बसली, तीही त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात.

त्या काळी विधेयकावर शहराचे मत कसे ठरे, हे येथे सांगणे आवश्यक आहे. सरकारचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होई. कॉर्पोरेशन तो आपल्या समितीकडे सोपवी. समिती कलमवार छाननी करून अहवाल देई, सर्वसाधारण सभेत त्या अहवालावर उघड वाद होई, दुरुस्त्या मतास टाकल्या जात, आणि जे बहुमताने ठरे ते निवेदनाच्या रूपाने सरकारकडे जाई. ते निवेदन मानण्याचे कोणतेही बंधन सरकारवर नव्हते. शहराचा शब्द कायदेमंडळात उच्चारण्यास शहराचा असा माणूसही तेथे नव्हता. १८६१ च्या कायद्याखालील ते मंडळ गव्हर्नरने नेमलेले असे. पुढ्यातील विधेयकाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलण्याची वा सरकारला प्रश्न विचारण्याची तेथे मुभा नव्हती. नेमलेल्या हिंदी सभासदाच्या अंगी कलमाकलमावर भांडण्याची तयारी असली, तरच निवेदनात जीव येई.

ही अडचण योगायोगाने दूर झाली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग कायदेमंडळावर होतेच. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी मेहतांनाही नेमले. कॉर्पोरेशनच्या समितीत मत घडवणारी माणसेच आता कायदेमंडळात बसलेली होती.

जुलै १८८७ मध्ये सरकारी विधेयक मांडले गेले, तेव्हा शहरात असंतोष पसरला. रिपन यांच्या ठरावातून लोकांचे अधिकार वाढतील अशी अपेक्षा होती. मसुद्याचा रोख उलट दिशेने होता. कमिशनर हा कॉर्पोरेशनचा अधिकारी न राहता तिच्या बरोबरीची स्वतंत्र सत्ता होईल, आणि सरकारला शहराच्या कारभारात हात घालण्यास नवी दारे उघडतील, अशी त्याची रचना होती. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी जे मिळाले होते तेही हातचे जाण्याचा धोका होता. येथे मेहतांची स्थिती मोठी नाजूक झाली. एक समर्थ कमिशनर हवा असे १८७१ मध्ये त्यांनीच सांगितले होते आणि तोच युक्तिवाद आता सरकार त्यांच्याविरुद्ध वापरू शकत होते. मेहतांनी आपली जुनी भूमिका सोडली नाही, तिचा दुसरा भाग पुढे आणला. अंमलबजावणी एकाच हाती असावी, परंतु तो हात मालकाचा नसून कारभाऱ्याचा असावा.

प्रवर समितीत आणि नंतर सभागृहात मेहता-तेलंग जोडीने कलमांमागून कलमे बदलून घेतली. गव्हर्नर लॉर्ड रे यांची वृत्ती समजुतीची होती, त्याचाही उपयोग झाला. १८८८ च्या तिसऱ्या क्रमांकाच्या या कायद्याने कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर अशा तीन पालिका-सत्ता मानल्या. मात्र मुंबईचे नागरी शासन कॉर्पोरेशनकडे निहित राहील, असे ६४ व्या कलमात स्वच्छ शब्दांत आले. सारे भांडण त्या एका ओळीसाठी होते असे म्हटले तरी चालेल. जुन्या नगर-मंडळाच्या जागी बारा जणांची स्थायी समिती आली. तिचे आठ सभासद कॉर्पोरेशनने निवडायचे होते व चार सरकारने नेमायचे होते, आणि समितीने आपला अध्यक्ष स्वतः निवडायचा होता. सभासदसंख्या ७२ झाली. प्रभागांतून ३६, जस्टिसांकडून १६, विद्यापीठाच्या फेलोंकडून २, व्यापारी मंडळाकडून २ आणि सरकारनियुक्त १६ अशी तिची वाटणी होती. पालिकेची बंधनकारक कर्तव्ये ६१ व्या कलमात आणि ऐच्छिक कामे ६३ व्या कलमात घालण्यात आली. प्राथमिक शाळा चालविणे हे कर्तव्यांत गणले गेले.

सर्वच मनासारखे झाले नाही. कमिशनरची नेमणूक सरकारकडेच राहिली. करदात्यांनी निवडलेल्यांची संख्या निम्म्यावरच थांबली. शहराच्या पोलिसांचा खर्च शहराने का सोसावा, पोलिसांवर शहराचा अधिकार नसताना, हा कॉर्पोरेशनचा जुना प्रश्नही लोंबकळत राहिला. त्याचा निकाल १९०७ च्या कायद्याने लागला. पोलिसांचा भार सरकारने उचलला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व औषधोपचाराचा भार शहरावर आला.

शहराचा प्रतिनिधी कायदेमंडळात

१८९२ च्या इंडियन कौन्सिल्स कायद्याने कायदेमंडळाच्या काही जागा संस्थांच्या शिफारशीने भरण्याची सोय झाली. निवडणूक हा शब्द सरकारने कटाक्षाने टाळला होता. नाव संस्थेने सुचवायचे आणि नेमणूक गव्हर्नरने करायची, असा तो आडमार्ग होता. मुंबई इलाख्यात अशी एक जागा मुंबई कॉर्पोरेशनच्या वाट्याला आली आणि १८९३ मध्ये कॉर्पोरेशनने मेहतांना पाठविले. निवेदनापुरते असलेले शहराचे मत आता सभागृहात हक्काने बसले. इलाख्यातील इतर नगरपालिका व स्थानिक मंडळे यांना विभागवार एकत्रितपणे प्रतिनिधी मिळाले. मध्य विभागाच्या स्थानिक मंडळांतर्फे १८९५ मध्ये बाळ गंगाधर टिळक कायदेमंडळात गेले, ते याच वाटेने. विदर्भाकडील वाचकांनी येथे एक फरक लक्षात घ्यावा. नागपूरची नगरपालिका १८६४ पासूनची असली, तरी मध्यप्रांताला स्वतःचे कायदेमंडळ १९१४ पर्यंत मिळाले नव्हते. आपल्या प्रांताच्या कायद्यावर बोलायचे तर नागपूरकरांना कलकत्त्याकडे तोंड करावे लागे.

इलाख्याच्या बिनसरकारी सभासदांनी मेहतांना लवकरच मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडले. १८९५ मध्ये तेथे १८६१ च्या पोलीस कायद्याची दुरुस्ती आली. अशांत भागात ठेवलेल्या जादा पोलिसांचा खर्च विशिष्ट वर्गाच्या रहिवाशांवर लादण्याचा अधिकार त्यात होता. न्यायालयीन चौकशीवाचून केवळ अधिकाऱ्याच्या मतावर लोकांना दोषी ठरविणे हा न्याय नव्हे, असा हल्ला मेहतांनी चढविला. त्या मंडळाला असल्या भाषेची सवय नव्हती. अर्थसदस्य सर जेम्स वेस्टलँड यांनी मेहतांनी सभागृहात नवीच वृत्ती आणल्याची तक्रार केली. ही तक्रार देशभर मेहतांच्या गौरवासारखी वाचली गेली.

१९०१ सालचे जमीन-महसूल विधेयक ही त्यांच्या इलाख्यातील कारकिर्दीची सर्वांत गाजलेली घटना. दुष्काळाने नाडलेल्या शेतकऱ्याच्या जमिनी सावकाराच्या घशात जाऊ नयेत, असे कारण देऊन सरकारने हे विधेयक मांडले. थकबाकीपोटी जप्त झालेली जमीन विक्रीचा वा गहाणाचा हक्क न देता पुन्हा लागवडीस द्यावी, अशी तरतूद त्यात होती. सावकारी थांबविण्याच्या नावाखाली सरकार स्वतःच सर्वांचा जमीनदार होत आहे, असा आक्षेप होता. मेहतांनी विधेयक घाईने मंजूर न करता आधी जाणकार अधिकारी व सार्वजनिक संस्था यांच्या मतासाठी पाठवावे अशी सूचना मांडली. मुंबईच्या कायद्याच्या वेळी शहराला जी सवड मिळाली, ती खेड्यांतील शेतकऱ्यांच्या बाबतीतही मिळावी, एवढीच ती मागणी होती. सरकारी बहुमताने ती फेटाळली. ऑगस्ट १९०१ मधील पुण्याच्या बैठकीत मेहता, गोपाळ कृष्ण गोखले, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे आणि गोकुळदास पारेख सभागृहातून उठून गेले. कायदेमंडळात असा सभात्याग पूर्वी घडला नव्हता. विधेयक मंजूर झालेच. त्याच वर्षी प्रकृतीमुळे मेहतांनी मध्यवर्ती मंडळातील जागा सोडली आणि तेथे गोखले गेले.

राष्ट्रीय सभा

१८८५ मध्ये तेलंग व तय्यबजी यांच्यासह मेहतांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. इल्बर्ट विधेयकाच्या वादात आणि तत्पूर्वी देशी भाषांतील वृत्तपत्रांवरील निर्बंधांविरुद्ध त्यांनी आवाज उठवला होता. १८९० मध्ये ते कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १८८९ व १९०४ च्या मुंबई अधिवेशनांचे स्वागताध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन १८९६ मध्ये गांधी मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या सभेचे अध्यक्ष मेहता होते. स्वदेशात सत्ता नाही तोवर वसाहतींत काही निष्पन्न होणार नाही, असे मत त्यांनी पुढे गांधींना ऐकवले होते.

मवाळ पक्षाचा मुंबईतील आधारस्तंभ म्हणून त्यांचे टिळकपक्षाशी कधी जमले नाही. १९०७ चे अधिवेशन नागपुरास ठरले होते. तेथे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे प्रभृती टिळकपक्षीयांचे बळ मोठे होते, आणि स्वागत समितीत अध्यक्षपदावरून तंटा विकोपाला गेला. मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिवेशन सुरतेला हलविले. सुरत मेहतांच्या प्रभावक्षेत्रातले शहर होते. तेथे काय झाले ते सर्वश्रुत आहे. त्यानंतर नागपूरला अधिवेशन पाहायला मिळाले ते १९२० मध्ये, मेहतांच्या पश्चात. ज्या गृहस्थाने कायदेमंडळात बहुमताच्या घाईविरुद्ध झुंज दिली, त्याने आपल्या पक्षात विरोधी मताला जागा दिली नाही, ही विसंगती त्यांच्या चाहत्या चरित्रकारांनाही झाकता आलेली नाही.

१९०७ ची पालिका निवडणूक

कॉर्पोरेशनमधील त्यांचा दबदबाही असाच एकछत्री होता. दिनशा वाच्छांसारखे सहकारी वगळता त्यांच्यापुढे बोलण्यास सभासद कचरत. १९०७ मध्ये अकाउंटंट-जनरल हॅरिसन यांच्या पुढाकाराने काही युरोपीय अधिकारी व पत्रकारांनी त्यांना पाडण्यासाठी गट बांधला. जस्टिसांच्या सोळा जागांसाठी मते पडली आणि मेहता सतरावे आले. शहरात खळबळ उडाली. माधवबागेत निषेधसभा भरली. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड कायद्यानुसार रद्द ठरली आणि मेहतांना जागा मिळाली. सरकारी अधिकाऱ्यांनी शहराच्या निवडणुकीत गट करावा हे गैरच होते, पण मेहतांच्या एकतंत्री वागण्याला कंटाळलेले हिंदी सभासदही त्या वेळी नव्हते असे नाही.

अखेरची वर्षे

१८९४ मध्ये सी. आय. ई. व १९०४ मध्ये के. सी. आय. ई. हे किताब त्यांना मिळाले. १९०५ मध्ये आणि १९११ मध्ये ते पुन्हा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. १९११ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे इंग्रजी दैनिक काढले व बेंजामिन हॉर्निमन यांना संपादक नेमले. १९१५ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेस भरायची होती. तिच्या तयारीच्या काळातच ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. गोखले त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते.

१९२३ मध्ये पालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. मलबार हिलवरील उद्यान आणि फोर्टमधील एक रस्ता त्यांच्या नावाने आहे. १८८८ चा कायदा अनेक दुरुस्त्यांसह मुंबईत अजून लागू आहे. सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि सरकारने नेमलेला आयुक्त ही त्याची चौकट पुढे राज्यातील इतर महापालिकांनी, नागपूरसह, स्वीकारली.